धर्म कोणाच्या पायांनी चालतो?

गेल्या कार्तिकीला पंढरीत आम्ही ज्या मठात उतरलो होतो, तेथली ही गोष्ट. रात्रीचे कीर्तन आटोपले होते, प्रसाद वाटून झाला होता आणि मंडळी ओसरीवर पथाऱ्या पसरत होती. पुण्यास इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा आपल्या आजीला घेऊन आमच्याबरोबर आला होता. तो जवळ येऊन बसला, हातातला मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "बुवा, हे बघा. जगात कोणत्या धर्माची किती माणसं आहेत, त्याचा हा तक्ता. आता मला सांगा, ज्याला सगळ्यांत जास्त माणसं मानतात तोच धर्म खरा, असं का म्हणू नये? एवढी कोट्यवधी माणसं काय वाट चुकली असतील?"

कोणी हसले. एक म्हातारबुवा रागावून म्हणाले, "पोरा, असलं विचारू नये." पण मला तो प्रश्न आवडला. जो विचारतो त्याच्या मनात निदान जागा तरी आहे. त्या रात्री मी त्याला थोडेच सांगितले, कारण पहाटे उठून चंद्रभागेला जायचे होते. घरी परतल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. मग पुस्तके काढली, वाचले, विचार केला. त्यातून जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम आकडेच पाहू. २०२० च्या सुमाराची मोजणी घेतली, तर जगात ख्रिस्ती सुमारे २३० कोटी, मुसलमान सुमारे २०० कोटी, हिंदू सुमारे १२० कोटी आणि बौद्ध ३० कोटींच्या आगेमागे आहेत. यहुदी लोक जेमतेम दीड कोटी. आणि आपल्या मुंबईत ज्यांच्या अग्यारी आहेत ते पारशी? २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात ते ५७,२६४ भरले. एका मोठ्या दिंडी-सोहळ्यातही याहून अधिक माणसे असतात.

आता जरा विचार करा. येशू ख्रिस्त स्वतः यहुदी घरात जन्मले. ख्रिस्ती आणि मुसलमान हे दोघेही अब्राहामाला आपला पूर्वज मानतात, यहुद्यांच्या संदेष्ट्यांना मान देतात. म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर ४३० कोटी माणसांच्या श्रद्धेचे जुने घर या दीड कोटींकडे आहे. मूळ एवढेसे आणि फांद्या आभाळभर! मग संख्येने मोल करायचे तर मूळ खोटे आणि फांद्या खऱ्या असे म्हणावे लागेल.

दुसरे असे. येशूंना क्रुसावर दिले ते इ. स. ३० च्या सुमारास. त्यांचे ग्रंथ सांगतात की त्या वेळी यरुशलेमला माडीवरच्या एका खोलीत त्यांचे शिष्य जमत असत. एका खोलीत मावतील एवढी माणसे! मग त्या दिवशी त्यांची शिकवण खोटी होती आणि अनुयायी वाढत गेले तसतशी ती खरी होत गेली, असे कोणी म्हणेल काय? सत्य काही पिकासारखे साल-दरसाल वाढत नसते. ते असेल तर पहिल्या दिवशीही पुरते असते.

तेव्हा संख्येने धर्माचा खरेखोटेपणा ठरत नाही, हे उघड आहे. मग संख्या काय सांगते? माझ्या अल्पबुद्धीला असे वाटते की, धर्म आजपर्यंत कोणाच्या पायांनी चालत आला, याची ती नोंद आहे. धर्माला स्वतःचे पाय नसतात. तो कधी राजाच्या पायांनी चालतो, कधी व्यापाऱ्याच्या, तर कधी साध्या भाविकाच्या. आणि कोणाच्या पायांनी आला, यावर तो किती खोल रुजला हे पुष्कळसे अवलंबून राहते.

राजाच्या पायांनी चाललेला धर्म पाहायचा, तर सम्राट अशोकापासून सुरुवात केली पाहिजे. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर, म्हणजे इ. स. पूर्व २६१ च्या सुमारास, अशोकाने कलिंग देश जिंकला. आपल्या तेराव्या शिलालेखात तो स्वतःच हिशेब देतो: दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. त्या गोष्टीचे त्याला अतिशय दुःख झाले. जिंकलेल्या राजाने आपला पश्चात्ताप दगडावर कोरून ठेवावा, असे उदाहरण जगात फार विरळा.

पुढे त्याने धर्मासाठी अधिकारी नेमले, माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, दूरदूरच्या ग्रीक राजांच्या मुलखापर्यंत आपला संदेश पाठवला. कंदाहारला ग्रीक आणि आरामी अशा दोन भाषांतला त्याचा लेख १९५८ साली सापडला. बाराव्या लेखात त्याने एक मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे. आपल्या पंथाचे गोडवे गाऊन जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाची हानी करतो, असा तिचा भाव आहे.

आणखी एक गोष्ट तर यात्रेकरूंनी अवश्य लक्षात ठेवण्याजोगी आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, करमणुकीसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने त्या सोडून धर्मयात्रा सुरू केल्या. साधुसंतांना भेटावे, वृद्धांना दान द्यावे, खेड्यापाड्यांतल्या लोकांची विचारपूस करावी, असे त्या यात्रेचे रूप. हे ज्या आठव्या शिलालेखात आहे त्याचा एक तुकडा आपल्याच सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मुंबईस गेलात तर जरूर पाहा.

पण या थोर राजाच्या कथेतही एक काटा आहे. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, अशोकाचे लेख आहेत. परंतु पश्चात्तापाचा तो तेरावा लेख तेथे कोरलेला नाही. ज्यांची माणसे मेली त्यांच्यापुढेच तो शब्द नाही. आणि दुःख झाले तरी कलिंग देश काही परत दिला नाही. यात मी अशोकाला लहान करीत नाही. एवढेच म्हणतो की, धर्म राजाच्या हाती आला की त्याच्या दुसऱ्या हातात राज्य असतेच, आणि ते खाली ठेवणे फार कठीण.

पुढे काय झाले पाहा. मौर्यांचे राज्य लयाला गेले. काही शतकांनी लोक ती ब्राह्मी लिपीही विसरले. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या खटपटीने दिल्लीला आणवले आणि त्यांवर काय लिहिले आहे ते वाचायला पंडितांना बोलावले. कोणालाही एक अक्षर लागले नाही! १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे ते दगड पुन्हा बोलू लागले.

त्याच वेळी दुसरीकडे काय घडले होते? सिंहलद्वीपाची परंपरा सांगते की, अशोकाचा पुत्र महेंद्र भिक्षू होऊन तेथे गेला आणि कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेली. अनुराधपुरात तो वृक्ष आजही पुजला जातो. तेथील भिक्षूंनी बुद्धांची वचने पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवली आणि इ. स. पूर्व पहिल्या शतकात ती लिहून काढली. सम्राटाने दगडावर कोरले ते मुके झाले. भिक्षूंनी मुखाने म्हटले ते बोलत राहिले. नामस्मरण करणाऱ्या माणसाला याचे मर्म निराळे समजावून सांगायला नको.

आता भाविकाच्या पायांनी धर्म कसा चालतो ते पाहू. इ. स. ३९९ मध्ये फाहियान नावाचा चिनी भिक्षू चांगआन नगरातून पायी निघाला. वयाची साठी उलटलेली. कशासाठी? तर भिक्षूंच्या आचारनियमांचे ग्रंथ चीनमध्ये अपुरे होते, ते भारतातून आणावेत म्हणून. त्याच्यानंतर दोनशे तीस वर्षांनी, ६२९ मध्ये, ह्युएन त्संग निघाला. त्याला तर बादशहाची परवानगीदेखील नव्हती. रात्रीच्या अंधारात सरहद्द ओलांडून, वाळवंटात पाण्यावाचून तडफडत, हिमपर्वत चढून तो आला. नालंदेत शिकला, भारतभर फिरला. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत असताना तो आपल्या महाराष्ट्रातही आला होता. येथील माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने आपल्याविषयी लिहून ठेवले आहे. ६४५ मध्ये तो परत गेला तो ६५७ ग्रंथ घेऊन. पुढची एकोणीस वर्षे, देह पडेपर्यंत, त्याने त्यांची भाषांतरे करण्यात घालवली.

येथे हेही ध्यानात घ्या की या माणसांना कोणी पाठवले नव्हते. ते धर्म द्यायला निघाले नव्हते, मागायला निघाले होते. जगात धर्म पसरण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि तो सर्वांत निर्मळ आहे. देणाऱ्याच्या मनात अहंकार शिरू शकतो. मागायला निघालेल्याला वाकावेच लागते.

पुढे ८४५ साली चीनच्या वूत्सुंग बादशहाचे मन फिरले. त्याने चार हजार सहाशे मोठे विहार पाडले आणि दोन लाख साठ हजारांहून अधिक भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत लावले, अशी तेथील दप्तरी नोंद आहे. राजाश्रयाने जे उभे राहिले ते राजाच्या एका हुकुमाने आडवे झाले. पण त्यानंतर केवळ तेवीस वर्षांनी, ८६८ मध्ये, वांग ज्ये नावाच्या एका गृहस्थाने वज्रच्छेदिका हा बौद्ध ग्रंथ लाकडी ठशांनी छापवला. त्याच्या शेवटी लिहिले आहे की, आपल्या आईवडिलांच्या पुण्यार्थ फुकट वाटण्यासाठी हा ग्रंथ केला. ज्यावर तारीख आहे असे जगातले सर्वांत जुने छापील पुस्तक ते हेच. बादशहाचा हुकूम कोणाच्या लक्षात नाही. आईबापांसाठी छापलेले पुस्तक मात्र जगाने जपून ठेवले आहे.

पूर्वेकडून आता पश्चिमेकडे वळू. रोमच्या साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा पहिली तीनशे वर्षे मोठा छळ झाला. तरी ते वाढत गेले. कशाने? अनेक कारणे आहेत. रोमन रस्ते चांगले होते, ग्रीक भाषा सर्वत्र चालत होती. पण एक कारण असे आहे की ते त्यांच्या विरोधकानेच सांगितले आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास तेथे भयंकर साथ आली. लोक आपल्या घरच्या आजाऱ्यालाही टाकून पळत होते. तेव्हा ख्रिस्ती मंडळींनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि ती करता करता कितीक जण मेले, असे अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी लिहिले आहे. आता बिशप स्वतःच्या लोकांविषयी चांगले लिहिणारच, असे कोणी म्हणेल. म्हणून ज्युलियन बादशहाची साक्ष काढू. हा ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परतलेला; ख्रिस्ती लोक त्याला मुळीच आवडत नसत. ३६२ च्या सुमारास त्याने आपल्या एका पुजाऱ्याला तक्रारीच्या सुरात लिहिले की, हे लोक आपल्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात. आम्हाला याची लाज वाटली पाहिजे. शत्रूच्या तोंडून निघालेले हे प्रशस्तिपत्र! धर्म तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याच्या पायांनी चालला होता.

पण नंतर राजा आला. कॉन्स्टंटाइन बादशहाने ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली. हे न्यायाचेच झाले. ३८० मध्ये थिओडोसियसने तो राज्याचा धर्म ठरवला. आणि अवघ्या पाच वर्षांत, ३८५ च्या सुमारास, प्रिसिलियन नावाच्या ख्रिस्ती बिशपाला, त्याची मते पाखंडी म्हणून ख्रिस्ती राजानेच ठार मारवले. ज्यांना कालपर्यंत मारत होते, त्यांच्याच हाती आज तलवार आली आणि ती चालली! तूर नगरीच्या संत मार्टिनने त्या वेळी जीव तोडून विरोध केला. त्याचे कोणी ऐकले नाही.

पुढे तीच तलवार जहाजात बसून दूर गेली. स्पॅनिश लोक अमेरिकेत पोचले. १५१३ पासून त्यांनी अशी रीत काढली की, लढाईआधी एक जाहीरनामा वाचून दाखवायचा: पोपची आणि राजाची सत्ता माना, नाहीतर होणाऱ्या संहाराचा दोष तुमचा. आणि तो वाचायचा स्पॅनिश भाषेत, ज्यांना त्यातला एक शब्द कळत नाही अशा लोकांपुढे! पण त्याच धर्माच्या अँटोनियो दे मोंतेसिनोस या साधूने त्याआधीच, १५११ मध्ये, देवळातल्या प्रवचनात मालकांच्या तोंडावर विचारले होते की, ही काय माणसे नाहीत?

आपल्या शेजारच्या गोव्यातही हेच दोन पाय दिसतात. १५६० साली तेथे इन्क्विझिशन बसले. मध्ये थोडी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. त्याच सुमारास मंगेशाला कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळास न्यावे लागले. आणि याच गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने मराठी शिकून, ओवी आत्मसात करून, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. इन्क्विझिशनचे नाव आज कोणी अभिमानाने घेत नाही. त्या ग्रंथाला मात्र मराठीचा अभ्यासक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हात जोडतो.

वाचक म्हणतील, "बुवा, तुम्ही इतरांचेच सांगता. आपल्या लोकांचे काय?" तेही सांगतो. कंबोडियात अंकोरवाट नावाचे प्रचंड देऊळ आहे. बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने ते श्रीविष्णूसाठी बांधले. जगात एवढे विस्तीर्ण देवस्थान दुसरे क्वचितच असेल. आज तेथे बौद्ध भिक्षू वावरतात. राजाने देऊळ बांधले, पण लोकांच्या उंबऱ्यापर्यंत विष्णुभक्ती पोचली नाही. राजवंश गेला तशी तीही ओसरली. उलट बालीच्या छोट्या बेटावर हिंदू धर्म आजही नांदतो, कारण तेथे तो घराघरातल्या रोजच्या नैवेद्यात आहे.

बालीच्या भोवती पसरलेला तो इंडोनेशिया देश पाहा. प्रेषित महंमद पैगंबरांचे ६३२ मध्ये देहावसान झाले आणि नंतरच्या शंभर वर्षांत अरबांची सैन्ये स्पेनपासून सिंधपर्यंत पोचली. त्यामुळे इस्लाम म्हटले की आपल्याकडे पुष्कळांना तलवारच आठवते. परंतु आज ज्या देशांत सर्वांत जास्त मुसलमान राहतात त्यांत इंडोनेशिया अग्रभागी आहे, आणि तेथे कधी अरबांचे सैन्य गेलेच नाही. गेले ते मसाल्याचे व्यापारी आणि त्यांच्यामागून सूफी साधू. १२९२ मध्ये मार्को पोलो सुमात्रा बेटावर उतरला, तेव्हा परलाक बंदरातले लोक व्यापाऱ्यांच्या संगतीने मुसलमान झालेले त्याला दिसले. वजन खरे, शब्द खरा, आणि दूर देशीही पाच वेळची प्रार्थना चुकत नाही, अशा माणसाकडे लोक पाहतातच. पुढे तेथल्या राजांनीही तो धर्म घेतला आणि लढायाही झाल्या, हे खरे. पण पहिले पाऊल तराजू धरणाऱ्याचे होते.

आणि ज्यांना राजाही नव्हता, जहाजही नव्हते, त्यांचे काय? इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. यहुदी जगभर पांगले. आपल्या कोकणात अलिबागच्या बाजूला त्यांच्यातलेच बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे राहिले. तेल गाळण्याचा धंदा करीत. शनिवारी मात्र घाणा बंद. गावाने त्यांना नावच दिले, शनवार तेली. ग्रंथ जवळ नव्हते, गुरू नव्हते. पण आठवड्याचा एक दिवस त्यांनी सोडला नाही. त्या एका दिवसावर त्यांनी आपला धर्म तारून नेला. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या धर्मग्रंथातल्या कथांवर मराठीत कीर्तनेही केली! १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ जण इस्राएलला गेले आणि जाताना आपली मराठी बरोबर घेऊन गेले.

येथे दोन शंका निघतील, त्यांचे समाधान केले पाहिजे.

पहिली शंका: राजांनी आश्रय दिला नसता तर हे धर्म एवढे वाढले असते काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर नसते. अशोक नसता, कॉन्स्टंटाइन नसता, तर आजचे आकडे निराळेच दिसले असते. राजा वाट मोकळी करतो, पाणपोई घालतो, वाटसरूंना संरक्षण देतो. ते त्याचे कामच आहे. पण वाट बांधणारा आणि वाट चालणारा एक नव्हे. राजा जेव्हा म्हणतो की, या वाटेने चाललाच नाहीत तर दंड करीन, तेव्हा माणसे चालतात खरी, पण ती दंडाला भिऊन चालतात, देवाकडे जात नाहीत. त्यांची संख्या त्या तक्त्यात भक्तांबरोबरच मोजली जाते. तक्त्याला त्यांतला भेद कळत नाही.

दुसरी शंका: ज्यांनी जुलूम केला ते त्या धर्माचे खरे अनुयायी नव्हतेच, असे का म्हणू नये? असे म्हणणे सोपे आहे आणि प्रत्येक धर्माचा माणूस आपल्याविषयी तसेच म्हणतो. पण हा हिशेब चोख नाही. आजाऱ्याची सेवा करणारा आपला, आणि तलवार चालवणारा परका? संत आपल्या खात्यात आणि पापी दुसऱ्याच्या? असे वाण्याच्या दुकानातही चालत नाही. जमा घ्यायची तर खर्चही आपल्याच वहीत मांडला पाहिजे. मार्टिन आणि मोंतेसिनोस यांचे मोठेपण याच्यातच आहे. त्यांनी "ते आमचे नव्हेत" असे म्हटले नाही. ते आमचेच आहेत, म्हणूनच आम्ही बोलणार, असे ते वागले.

मग आपणही आपली वही उघडू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि त्यांच्यामागून लाखो माणसांनी घेतली. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध भरले. त्यांतले सुमारे ६५ लाख आपल्या महाराष्ट्रातले. सोपाऱ्याला ज्या धर्माचे दगड उरले होते, तो धर्म परत आला. कोणी राजा त्याला घेऊन आला नाही, व्यापारीही नाही. ज्यांना आम्ही पाणवठ्यावर येऊ दिले नाही, देवळाच्या पायरीवर चढू दिले नाही, त्यांच्या पायांनी तो आला. पंढरीचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. ज्या पंढरीची कीर्ती सर्वांच्या समतेची, तिच्या दारासाठी एका भक्ताला अन्न सोडावे लागले! ते दार उघडायला उशीर झाला, हे आपल्या वहीतले खर्चाचे पान आहे. ते फाडून टाकता येत नाही.

तेव्हा त्या मुलाला आता मी असे सांगेन: बाळा, कोणता धर्म खरा, हे त्या तक्त्यावरून तुलाही ठरवता येणार नाही आणि मलाही नाही. त्या तक्त्यात भिऊन आलेले आहेत, जन्माने आलेले आहेत, लोभाने आलेले आहेत आणि मनापासून आलेलेही आहेत. आकडा मोठा म्हणून भुलू नकोस. आपला आकडा घटला म्हणून घाबरून कोणाचा द्वेषही करू नकोस. तू एवढेच बघ की, तुझ्या शेजारच्याला तुझा धर्म कळायचा तो कशावरून? त्याने तुझे ग्रंथ वाचलेले नसतात, तुझ्या देवळाचा इतिहास त्याला ठाऊक नसतो. त्याला तू दिसतोस. तू वजनात मारलेस तर त्याच्या लेखी तुझ्या धर्माने वजनात मारले. तू त्याच्या आजारपणात उशाशी बसलास तर तुझा धर्म त्याच्या उशाशी बसला.

शेवटी एक सांगायचे राहिले. त्या रात्री आमचे बोलणे चालले असता मुलाची आजी तेथे नव्हती. थोड्या वेळाने त्याने इकडेतिकडे पाहिले, तर ओसरीच्या टोकाला ती एका अनोळखी म्हातारीचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसली होती. ती बाई कर्नाटकातली, कानडी बोलणारी. हिला कानडीचा गंध नाही. एकमेकींचे नावही त्या विचारू शकत नव्हत्या. मुलगा उठला आणि न बोलता तेलाची वाटी धरून आजीजवळ जाऊन बसला. मोबाइल माझ्यापाशीच राहिला. तो मी त्याला पहाटे नदीवर जाताना आठवणीने दिला.